चौथाई आली कुठून?

चौथाई मराठ्यांनीच सुरू केली, असं अनेकांना वाटतं. पण दमणचे पोर्तुगीज आधीपासूनच ती शेजारच्या रामनगरच्या राजाला देत होते, आपल्या गावांना त्याचा उपद्रव होऊ नये म्हणून! १६७२ मध्ये रामनगर शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं आणि त्यांनी पोर्तुगीजांकडे तीच चौथाई मागितली. राज्य आमचं, तर त्याचा हक्कही आमचा. किती बिनतोड मुद्दा!

पुढे १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहा टक्के.

मला सगळ्यात भावते ती चौथाईची वाटणी. २५ टक्के 'राजबाबती' छत्रपतींची. ६ टक्के 'साहोत्रा' पंतसचिवांचा. ३ टक्के 'नाडगौडा', तो छत्रपती मर्जीनुसार कुणालाही देत. उरलेला तब्बल ६६ टक्के 'मोकासा' सरदारांचा, त्यातून त्यांनी फौज बाळगायची. सरदार पुढे इतके बलाढ्य का झाले, याचं मोठं कारण माझ्या मते इथेच आहे.

घरात जुनी मोडी कागदपत्रं असतील तर मोकासा, साहोत्रा हे शब्द त्यांत जरूर शोधा. सापडले तर कळवा!