हौशी रेडिओवरचा वेगवान डेटा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम, हा फक्त मोर्सच्या टिकटिकीचा आणि गप्पांचा छंद असल्याचा समज जुना आहे आणि चुकीचाही. कॅनडातील हौशींनी 1978 मध्येच मजकुराचे तुकडे करून ते हवेतून पाठवले. हाच पॅकेट रेडिओ.

चेन्नईच्या एग्मोरमधील हॉलोवेज गार्डनमधून 31 जुलै 1924 रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबचे कार्यक्रम सुरू झाले. या क्लबला अनेकदा हॅमच्या खात्यावर टाकले जाते. प्रत्यक्षात ते प्रसारण होते: एकाने बोलायचे, अनेकांनी ऐकायचे. हॅम हा दुतर्फा संवाद. क्लबचा प्रक्षेपक सुरुवातीला 40 वॉटचा होता, पुढे 200 वॉटचा आला. वॉट वाढले की आवाज लांबवर पोचतो. मग वॉट वाढवले की डेटाचा वेगही त्याच पटीने वाढेल, असे वाटू लागते आणि खरा घोटाळा इथेच होतो.

वेगाची किल्ली मुख्यतः पट्ट्याच्या रुंदीत असते. क्लॉड शॅननने 1948 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार शक्ती दुप्पट केली, तर पट्ट्याच्या दर हर्ट्झमागे सेकंदाला फार तर एक बिट वाढतो. सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण तेच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर क्षमता सरळ दुप्पट होते. भारतातील हौशींचा लोकप्रिय दोन मीटरचा पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्झ, म्हणजे सगळा मिळून 2 मेगाहर्ट्झ. घरच्या वाय-फायची एक वाहिनीच 20 मेगाहर्ट्झची असते! या पट्ट्यावर सेकंदाला 1200 किंवा 9600 बिटांचे वेग रूढ झाले. सेकंदाला 1200 बिटांनी एक मेगाबाइटचा फोटो पाठवायला पावणेदोन तासांहून अधिक लागतात, 9600 ने सुमारे 14 मिनिटे.

बॉड आणि बिट हेही एक नव्हेत. बॉड म्हणजे सेकंदाला बदलणाऱ्या चिन्हांची संख्या. एका चिन्हात अनेक बिट मावू शकतात.

मेगाबिटांचा वेग मिळतो तो सूक्ष्मलहरींवर. अमेरिकेतील हौशी वाय-फायच्या राउटरमध्ये फेरबदल करून असे दुवे जोडतात. मात्र दोन अँटेनांमध्ये एखादी इमारत आडवी आली, की दुवा बहुधा तुटतोच. शहरात म्हणूनच गच्ची महत्त्वाची.

'म्हणजे फुकटचे इंटरनेट' हा शेवटचा गैरसमज. हौशी परवान्यावर व्यावसायिक संदेश चालत नाहीत आणि मजकूर गुप्त संकेतात पाठवता येत नाही. बँकेपासून मेलपर्यंत आजची बहुतेक संकेतस्थळे तर कूटबद्धच असतात, म्हणून ती या दुव्यांवर चालवता येत नाहीत.