शाळेची बस आणि मुलांचा श्वास

मुलांसाठी शाळेची बस ठरवताना आपण भाडे विचारतो, वेळ विचारतो, ड्रायव्हरभाई कसे आहेत याची चौकशी करतो. बस कोणत्या इंधनावर चालते, हे मात्र क्वचितच विचारतो.

डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असे जाहीर केले. मुलांची फुप्फुसे अजून वाढत असतात. शिवाय वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

यावर उपाय काय? दिल्लीचा अनुभव पाहण्यासारखा आहे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. शाळांच्या बसही त्यातून सुटल्या नाहीत. मुदत संपली तेव्हा ना पुरेशा बस तयार होत्या, ना पुरेसे पंप. लोकांचे हाल झाले, गॅससाठी लांबच लांब रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली. तरी २००२ च्या अखेरीस शहर बससेवेतील डिझेल बस रस्त्यावरून गेल्या.

सीएनजीच्या धुरात काजळी फारच कमी असते. पण नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड असतातच. विजेवरच्या बसला धुराडेच नाही, म्हणून शाळेच्या फाटकाशी तीच उत्तम. मात्र तिची किंमत जास्त, आणि वीज कोळशापासून बनत असेल तर धूर दुसरीकडे निघतोच.

खरा प्रश्न पैशाचा आहे. एक-दोन बस कर्जावर घेऊन चालवणाऱ्याला हा बदल एकट्याने झेपणार नाही, आणि सारा बोजा फीवर पडला तर गरीब घरची मुलेच बसमधून उतरतील. म्हणून सरकारी मदत आणि पुरेसे पंप आधी, सक्ती नंतर, हा दिल्लीचा धडा विसरू नये.

तोवर पुढच्या पालकसभेत आपण तीन गोष्टी विचारू शकतो. बसची पीयूसी तपासणी वेळेवर होते का? सीएनजी बस असेल तर टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का? आणि मुले चढ-उतार करताना फाटकाशी उभ्या बसचे इंजिन बंद असते का? इंजिन बंद ठेवायला तर एक पैसाही लागत नाही. उलट इंधन वाचते.