अंगठीत मावेल एवढं 'कायमचं'

लग्नाच्या अंगठीत काय कोरायचं? मी शिरूरची, तो दौंडचा, आणि मेन्यूपेक्षा जास्त वाद झाला तो ह्यावर. नावं नकोत, हार्ट तर नकोच! "लॅटिन टाक, क्लासी दिसतं," रूममेट म्हणाली.

पण 'कायमचं'ला लॅटिनमध्ये एकच शब्द असेल तर शपथ!

एटर्नुस हा सगळ्यांत फेमस. त्याच्या मुळाशी 'ऐवुम', म्हणजे आयुष्य, काळ. आपल्या संस्कृत 'आयुस्'चा लांबचा चुलतभाऊ. दुसरा पेरेन्निस, म्हणजे वर्षभर टिकणारा. वाहत्या पाण्यालाही हाच शब्द. फोनवर हे ऐकून दौंडकर म्हणाला, "अगं, मग सरळ बारमाही म्हण ना!" उसाच्या घरातला मुलगा, त्याला भीमा आणि कालवाच आठवणार. पण अर्थ एकदम करेक्ट. इ.स.पूर्व २३च्या सुमारास होरेस ह्या कवीनं आपली कविता ब्राँझपेक्षा टिकाऊ असल्याचं सांगताना हाच शब्द वापरला होता.

सहाव्या शतकात बोएथियसनं आणखी बारीक फरक केला. काळाच्या पलीकडचा देव तो एटर्नुस. काळातून न थांबता चालत राहणारं जग मात्र फक्त पेर्पेतुउस.

खरं सांगू? मला 'कायमचं' ह्या शब्दाचीच धास्ती आहे. आई-बाबांच्या अंगठ्या एकाच डबीत आहेत, ते दोघं दोन घरांत.

मग आमच्या शिरूरचा कर्नल वॉलेस आठवला. इंग्रज छावणीतला हा अधिकारी १८०९ साली वारला. १८८५च्या पुणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की गावकरी त्याला सत्पुरुष म्हणत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याशी नेत. म्हणजे पाऊणशे वर्षांनंतरही! थडगं एकदाच बांधून झालं. धान्य मात्र दर सुगीला कुणीतरी उठून न्यायचं.

लॅटिनमध्ये ह्याला क्रियापद आहे, पेर्पेतुआरे. खंड पडू न देणं. 'मी खंड पडू देत नाही' म्हणायला एकच शब्द पुरतो: पेर्पेतुओ. बाई म्हणो की पुरुष, रूप तेच.

सोनारकाकांनी रोमन अक्षरं मोजली. आठ. "बसतील. आणि मुलाच्या अंगठीत?"

"सेम."

"नावं नाही टाकायची?"

"नाही काका."

त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ॲडव्हान्सची पावती फाडली.