महादेव डोंगररांगेतील माळराने आणि निसर्गपर्यटनाचा प्रश्न

सातारा जिल्ह्याचा पश्चिम आणि पूर्व भाग एकाच प्रशासनाखाली असला, तरी निसर्गाच्या हिशेबाने ते दोन निराळे मुलूख आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, पर्जन्यछायेत, म्हणजे घाटमाथ्यावर ढग रिकामे झाल्यानंतरच्या कोरड्या पट्ट्यात वसलेल्या फलटणच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो. जिल्ह्यातील निसर्गसंवर्धनाचा इतिहास मात्र बव्हंशी ओल्या पश्चिमेचा आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाला. पूर्वेकडे खटाव तालुक्यातील मायणी व आसपासच्या तलावांना अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण तोही पाण्यावरील पक्ष्यांमुळे. फलटण आणि माण तालुक्यांच्या मध्ये उभी असलेली महादेव डोंगररांग या चर्चेत क्वचितच येते, कारण ती वर्षातील आठ-नऊ महिने पिवळी आणि उघडी दिसते.

सह्याद्रीपासून फुटून पूर्व-आग्नेयेला जाणारी ही रांग कृष्णा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. सीतामाईच्या डोंगरात उगम पावणारी बाणगंगा उत्तरेला उतरून फलटण शहरातून नीरेकडे जाते, तर त्याच डोंगरातून निघणारी माणगंगा दुष्काळी माणदेशातून वाहत भीमेला मिळते. ताथवड्याचा संतोषगड आणि वारुगड हे किल्ले याच रांगेवर आहेत. नीरा उजव्या कालव्याने फलटण तालुक्याच्या उत्तर भागाचे रूप पालटून तेथे ऊस आणला. त्यामुळे एके काळी नदीकाठापर्यंत पसरलेले माळ आता प्रामुख्याने डोंगरउतारांवर आणि कालव्याचे पाणी न पोचलेल्या गावांच्या शिवारात उरले आहेत.

माळरान म्हणजे तुटलेल्या जंगलाची उरलेली जागा, ही समजूत सरकारी कागदांइतकीच शिकलेल्या लोकांच्या मनातही पक्की आहे. वास्तविक पातळ मुरमाड माती, अल्प पाऊस आणि लांबलचक उन्हाळा यांमुळे येथे दाट वृक्षराजी न वाढता कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते आणि त्यांत विखुरलेले हिवर, बोर, बाभूळ, तरटी असे काटेरी वृक्ष वाढतात. या रचनेला पर्यावरणशास्त्रात सॅव्हाना म्हणतात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जुन्या मराठी ग्रंथांतील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख एकत्र करून असे दाखवले, की पश्चिम महाराष्ट्रातील हे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे तसेच आहेत. या साधनांत याच रांगेवरील शिखर शिंगणापूर या तीर्थक्षेत्राच्या स्थापनेची कथाही आहे. या कथेनुसार गुरांचे कळप घेऊन आलेला गवळ्यांचा प्रमुख बळिप या मुलखात स्थिरावला, तो येथील विपुल गवतामुळे. जंगलतोडीने माळ तयार झाले असतील, तर ती तोड यादवकाळातील किंवा त्याआधीची मानावी लागेल, आणि एवढा जुना निसर्ग ‘बिघडलेला’ ठरवण्याला फारसा अर्थ राहत नाही.

लांडगा, खोकड, तरस आणि चिंकारा हे दख्खनच्या माळरानाचे रहिवासी होत. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी याच गवतात जमिनीवर रात्र काढतात. या सर्वांना मोकळी, दूरवर दिसणारी जमीन लागते. वनआच्छादन मोजताना मात्र वृक्षांच्या छत्राखालील क्षेत्र दहा टक्क्यांहून कमी असलेली जमीन वनात धरली जात नाही. परिणामी गवताळ डोंगर हिशेबात उणे दिसतो आणि त्यावर चर खोदून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली, की तोच डोंगर सुधारलेला दिसू लागतो. चर खोदताना गवताची मुळे उखडली जातात, पुढे झाडांच्या सावलीत उन्हावर पोसणारे गवत मागे हटते. शिवाय गवताळ जमिनीतील कार्बनचा मोठा साठा मुळांत व मातीत असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही, मग गमावल्याची नोंद तरी कोण ठेवणार? वृक्षारोपणाचा उत्साह वाईट नाही. त्याची जागा चुकते आहे.

या माळाचा सर्वांत जुना वापरकर्ता मेंढपाळ आहे. फलटण, माण, खटाव या तालुक्यांतील हटकर धनगर पावसाळ्यात गावाकडच्या माळावर मेंढ्या चारतात आणि नंतर वाडे, म्हणजे फिरते तळ, घेऊन चाऱ्याच्या शोधात दूरवर जातात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि शेताला खत मिळते. कैलाशचंद्र मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांमधील जातींचा अभ्यास करून, कोणत्या जातीने कोणत्या पावसाच्या प्रदेशात कोणते जनावर पाळले याची जी मांडणी केली, तिच्यात हटकर आणि कोरडा माळ यांची सांगड स्पष्ट होते. लांडगा मेंढी उचलतो, हे धनगराला ठाऊक असते. तरीही कळप आणि लांडगा शतकानुशतके एकाच माळावर वावरले, कारण दोघांनाही माळ उघडा राहिलेला हवा असतो.

फलटणमध्ये या व्यवसायाला विज्ञानाची जोड मिळाली, ही गोष्ट निसर्गपर्यटनाच्या संदर्भात सहसा कोणी सांगत नाही. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने लोणंदच्या दख्खनी मेंढीचा सुंदरबनातील गारोळ जातीशी संकर करून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. गारोळ मेंढीत असलेल्या विशिष्ट जनुकामुळे जुळ्या कोकरांचे प्रमाण वाढते, आणि तो गुण दख्खनी मेंढीच्या काटकपणाशी जोडणे हा या कामाचा गाभा होता. कमी मेंढ्यांत तेवढेच उत्पन्न मिळाले, तर आक्रसत चाललेल्या माळावरील भार कमी होण्याची शक्यता त्यातून निर्माण होते. संवर्धनाच्या योजना आखताना अशा कामाकडे पशुसंवर्धन खात्याची बाब म्हणून पाहणे, हा अदूरदर्शीपणा ठरेल.

पर्यटन आणल्यावर काय होते, याचा धडा जिल्ह्यातच उपलब्ध आहे. कासवर गर्दी वाढल्यानंतर दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा, शुल्क आणि स्थानिक गावांच्या समित्यांकडे व्यवस्थापन, ही व्यवस्था आली आणि ती मोलाची ठरली. पण पठाराला घातलेले तारेचे कुंपण पुढे काढावे लागले, कारण चराई बंद झाल्यावर उंच गवत वाढून फुलांच्या बहरावर परिणाम होतो, असे मत बळावले. नीरेच्या पलीकडे पुणे वनविभागाने बारामती तालुक्यातील शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ती फलटणला अधिक जवळची आहे. लांडगा पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र माणसांच्या मागोमाग उष्टे अन्न येते, उष्ट्यामागे भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांपासून लांडग्यांना रोग तर होतातच, शिवाय संकरही होतो. पुणे परिसरातील लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीने २०२३ साली सिद्ध झाला आहे. उघड्या माळावर वाहन कोठूनही जाऊ शकते आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल, धाविक, माळटिटवी यांची अंडी चाकाखाली जातात. घाटातल्या दाट झाडीत वाहन निदान रस्त्यापुरते तरी मर्यादित राहते.

तसे पाहिले तर या परिसरात प्रवासी नवे नाहीत. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटाने चढतात, आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण करून फलटणला येते. हजारो पावले ठरलेल्या काळात, ठरलेल्या वाटेने जातात आणि वाट पुन्हा मोकळी होते. नव्या पर्यटनाने एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ झाले.

तेव्हा फलटण परिसरात सफारीच्या गाड्या येण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात: माळावर चर आणि रोपे लावण्यापूर्वी तेथील गवतांची तपासणी, मेंढपाळांच्या चराईच्या वाटांना मान्यता आणि पर्यटनाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. डोंगरपट्ट्यातील ग्रामसभांनी आपल्या नोंदवहीत झाडांच्या यादीआधी माळाची हद्द, गवतांची नावे आणि मेंढ्यांचे मार्ग लिहून घ्यावेत.