चिक्की, काच आणि लोणारचा दगड

खडीसाखरेचा खडा उन्हात धरून पाहा. पैलू लखलखतात, कडा सरळ दिसतात. आतले साखरेचे रेणू ठरावीक अंतरावर, ठरावीक दिशेने बसलेले असतात, म्हणून हे पैलू. ही साखर दोऱ्यावर सावकाश धरत जाते आणि प्रत्येक रेणूला आपली जागा शोधायला सवड मिळते.

आता चिक्की घ्या. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा, तो कट्कन मोडला की पाक झाला. ओतलेला पाक लाटता लाटताच आळतो. रेणू तेच, पण रांगा लावायला त्यांना वेळच मिळत नाही. पातळ असताना जसे अस्ताव्यस्त होते, तसेच जागच्या जागी अडकतात. अशा पदार्थाला अस्फटिकी म्हणतात. म्हणजे कडक चिक्कीतला पाक ही चक्क साखरेची काच! साखरेच्या पाकात लिंबू पिळतात तेही याचसाठी. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, हे परके रेणू रांगा मोडतात आणि पाक साखरत नाही. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की हवेतला ओलावा ओढून घेते, अडकलेले रेणू हलू लागतात आणि ती चिकट होते.

खिडकीच्या काचेतल्या सिलिकाचंही असंच. धातूंना मात्र स्फटिक व्हायची फार घाई. १९६० साली कॅलिफोर्नियात पोल ड्युवे यांच्या गटाने सोनं आणि सिलिकॉनचा वितळलेला रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला, तेव्हा कुठे धातूची काच हाती आली. आज अशा धातूच्या पातळ पट्ट्या काही ट्रान्सफॉर्मरांच्या गाभ्यात असतात आणि वीज वाचवतात.

पण खरी थक्क करणारी गोष्ट आहे आपल्या बुलढाण्यात. लोणारला अशनी आदळला आणि बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. त्या दणक्याने तिथल्या काही दगडांतल्या फेल्डस्पारच्या स्फटिकांची आतली रचनाच मोडली. बाहेरचा आकार तसाच, आत मात्र काच! या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला होता. म्हणूनच मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात. तिथे गेलात तर दगड डोळे भरून पाहा, पण खिशात घालून आणू नका.