जात्यावरची ओवी

आता पीठ गिरणीतून येतं. पण आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर दळायच्या. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या. हाताने घास टाकायचा आणि तोंडाने ओवी म्हणायची.

एकच ओवी सगळीकडे सारखी नसते. कुणी तिच्यात आपल्या भावाचं नाव घालते, कुणी आपल्या गावाचं. चालीला बाया गळा म्हणतात, तो पण बदलतो. म्हणून खरी कोणती असं विचारू नये, सगळ्याच खऱ्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबतच्या लोकांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गी साहेब मूळचे फ्रान्सचे! पुढे बर्नार्ड बेल यांनी कितीतरी ओव्या टेपवर घेतल्या. कागदावर गळा उतरत नाही, टेपवर उतरतो. २०१७ पासून त्या ओव्या ‘पारी’ने इंटरनेटवर ऐकायला ठेवल्या आहेत.

माझी आजी म्हणती, जात्याबिगर ओवी आठवत नाही. मग तिने रिकामंच जातं फिरवलं. ११ ओव्या आल्या. मी ९ लिहिल्या, कारण ती मधे थांबतच नव्हती.

गुरुजींच्या टेबलावर वही ठेवली आहे. शाळेत आलेल्या आई-आजींनी एक तरी ओवी सांगावी. लिहायला आम्ही आहोत.