सनस्क्रीन कितपत सुरक्षित?

त्वचेवर लावलेल्या सनस्क्रीनमधील काही द्रव्ये रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून स्पष्ट झाले आणि तेव्हापासून या मलमाविषयी धास्ती वाढत गेली. त्या चाचणीत २४ स्वयंसेवकांच्या अंगाच्या तीन-चतुर्थांश भागावर दिवसातून चार वेळा, सलग चार दिवस सनस्क्रीन लावण्यात आले, आणि अव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलिन व एकॅमसूल ही चारही द्रव्ये रक्तद्रवात दर मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमहून अधिक आढळली. ही मर्यादा विषारीपणाची नव्हे. जे द्रव्य तिच्या खाली राहते त्याला पुढील काही चाचण्यांतून सूट मिळू शकते आणि जे वर जाते त्याची अधिक तपासणी व्हावी लागते, एवढाच तिचा अर्थ आहे. म्हणूनच त्याच प्रशासनाने सनस्क्रीनचा वापर थांबवू नये, असेही सांगितले. झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डायऑक्साइड ही खनिज द्रव्ये मात्र त्वचेत जवळजवळ शोषली जात नाहीत, त्यामुळे ज्यांच्या मनात शंका आहे, विशेषतः गरोदर स्त्रियांच्या, त्यांना हा पर्याय उपलब्ध आहे. फवाऱ्याच्या रूपातील सनस्क्रीन श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून ते टाळून मलमच घेणे इष्ट.

या शंकेच्या दुसऱ्या पारड्यात जे आहे, ते मात्र शंकेपुरते मर्यादित नाही. सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन प्रकार केले जातात. त्यांपैकी सी प्रकार ओझोनचा थर पूर्णपणे अडवतो. बी प्रकार, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरची किरणे, बाह्यत्वचेतील पेशींच्या डीएनएमध्ये शेजारशेजारच्या थायमिन घटकांना चुकीच्या रीतीने जोडून टाकतात आणि ही जोडणी दुरुस्त न होता पेशी विभागत राहिली तर कर्करोगाचे बीज पडू शकते. ए प्रकार जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील प्रारणाचा सुमारे ९५ टक्के भाग असून तो खिडकीच्या काचेतूनही बराचसा आत येतो व अंतस्त्वचेतील कोलॅजेन या आधार देणाऱ्या प्रथिनाची झीज करतो. सूर्याच्या प्रारणाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांत केलेली आहे.

सनस्क्रीन हे नुकसान खरोखर रोखते का, याचे सर्वांत भक्कम उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावातून मिळाले. तेथे १९९२ पासून साडेचार वर्षे १,६२१ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून एका गटाला डोके, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले गेले, तर दुसऱ्या गटाला ते आपापल्या मर्जीने वापरण्याची मुभा राहिली. रोज लावणाऱ्यांत शल्कपेशींच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले, आणि पुढे अनेक वर्षे मागोवा घेतल्यावर मेलॅनोमा हा प्राणघातक कर्करोग त्यांच्यात २२ ऐवजी ११ जणांना झालेला दिसला. हा गोऱ्या कातडीच्या लोकांवरील पुरावा आहे, हे विसरता कामा नये. मेलॅनिन या रंगद्रव्याचे संरक्षण लाभलेल्या भारतीय त्वचेत असे कर्करोग बरेच कमी होतात. येथे उन्हाचा त्रास अधिक दिसतो तो वांगाच्या, म्हणजे गालांवर व कपाळावर उमटणाऱ्या तपकिरी डागांच्या रूपात. वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि तो प्रकाश साधे पारदर्शक सनस्क्रीन अडवत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन लागते. ही गोष्ट येथील ग्राहकाला जाहिरातींतून क्वचितच सांगितली जाते, हे खेदाचे आहे.

एसपीएफ हा आकडा मुख्यतः बी किरणांनी त्वचा लाल होण्यापासूनचे रक्षण दाखवतो. प्रयोगशाळेत ३० एसपीएफचे मलम अशी सुमारे ९७ टक्के व ५० एसपीएफचे सुमारे ९८ टक्के किरणे अडवते, मात्र ही मोजणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर केलेली असते आणि प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात, त्यामुळे डबीवरचा आकडा त्यांच्या त्वचेला मिळतच नाही. चेहरा व मानेसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा मलम घ्यावे, बाहेर पडण्याआधी १५ मिनिटे लावावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर तर लगेच, पुन्हा लावावे. ए किरणांपासूनचे रक्षण पीए या अक्षरांपुढील अधिक चिन्हांवरून कळते.

दिवसभर शेतात राबणाऱ्यांना इतके मलम परवडणार नाही आणि त्यांना त्याचा आग्रह करणेही अयोग्य ठरेल. साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून डोक्याला फडके गुंडाळणाऱ्या शेतमजूर स्त्रिया जे करतात, ते शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच आहे, कारण घट्ट विणीचे गडद कापड किरणांना बहुतांश सनस्क्रीनपेक्षा अधिक भरवशाने अडवते. सहा महिन्यांखालील बाळांसाठीही सावली व कपडे हेच पहिले साधन. अल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच मेलॅनिन न बनणे किंवा अत्यल्प बनणे, ही अवस्था असलेल्यांची गरज मात्र कापडाने पूर्ण भागत नाही. भारतीय कायद्यात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधन म्हणून गणले जाते, परंतु या माणसांसाठी ते औषध आहे आणि सरकारी रुग्णालयांतून ते त्यांना मोफत मिळायला हवे.